स्वाइप मशीनमधलं 'चार्ज ग्राहकाकडून' बटण : एका हार्डवेअरवाल्याचा रिव्ह्यू

आमचं सांगलीत सॅनिटरी-हार्डवेअरचं दुकान आहे. पाईप, फिटिंग, नळ, कमोड, टाक्या, थोडाफार रंग. रिव्ह्यू स्वाइप मशीनचा आहे पण मशीनवर फार लिहीत नाही, कारण मशीन सगळ्यांची सारखीच, रोल अडकतो, बॅटरी संध्याकाळी ऐन गर्दीत मान टाकते आणि पावसाळी हवा असली की नेटवर्क शोधत बसतं. लिहायचंय ते त्यातल्या एका सोयीबद्दल. कार्ड घासलं की कंपनी आपल्याकडून जो चार्ज कापते तो बिलावर चढवून थेट गिऱ्हाइकाकडून घ्यायचा, असं एक बटण सेटिंगमध्ये दिलंय. चालू करा, विसरून जा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बाजारात आणखी काही जणांकडे हेच थोड्याफार फरकाने आहे आणि माझं भांडण कंपनीपेक्षा त्या बटणाशी जास्त आहे.

मशीन लावायला जो मुलगा आला होता तो म्हणाला, "शेठ, एकदा हे ऑन केलं की तुमच्या खिशातून एक रुपया जाणार नाही." आता दुकानदाराला याच्यापेक्षा गोड वाक्य कुठलं?

आमच्या लाइनमध्ये एमआरपीला कोणी विचारत नाही, गिऱ्हाईक पायरी चढतानाच विचारतं किती पर्सेंट सोडणार. पाईपवर सगळं जाऊन हातात पाच-सहा टक्के राहिले तरी मी खूष असतो, त्यात मिस्त्रीचं कमिशन वेगळं (ते कुठल्या वहीत सापडत नाही पण असतं). यातून कार्डाचे दोन टक्के गेले म्हणजे नफ्याचा तिसरा हिस्साच गेला की. पण दुसरी बाजू पण सांगतो. माझ्याकडे मोठी कार्डं घासतात ते कॉन्ट्रॅक्टर. पूर्वी हेच लोक माल उधार न्यायचे, वहीत लिहायचं, मग मी गाडी काढून साइटवर जायचं, तिथे साहेब नुकतेच निघून गेलेले असायचे, मग दिलेला चेक परत यायचा. आता ते क्रेडिट कार्ड घासतात, त्यांना बँकेकडून ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात, वर पॉइंट, आणि मला दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे. त्यांची उधारी बँकेने उचलली, माझी वसुली संपली. त्यामुळे दोन टक्के हे मला महाग वाटतच नाहीत खरंतर, प्रश्न फक्त ते कुणी द्यायचे आणि कधी सांगायचे एवढाच आहे. आणि हे 'कधी' त्या बटणाला कळत नाही.

कोणी म्हणेल यूपीआय घ्या की, फुकट आहे. घेतोच. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला चार्ज शून्य आहे, सरकारचा नियमच तसा आहे, आणि किरकोळ गिऱ्हाईक तर आता नळाचा वॉशर घेतला तरी स्कॅनच करतं. पण आमच्यासारख्या दुकानाला यूपीआयची एका व्यवहाराची लिमिट साधारण १ लाख. नवीन बंगल्याचं पूर्ण प्लंबिंगचं बिल त्याच्या वर जातं. रोख घ्यावं तर २ लाख किंवा त्यावर रोख स्वीकारताच येत नाही, आणि धंदेवाल्या कॉन्ट्रॅक्टरला एका दिवसात एका दुकानात १० हजारांच्या वर रोख दिलं की तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरत नाहीत. राहिलं काय, चेक, एनईएफटी आणि कार्ड.

बरं, यूपीआयबद्दल दरवर्षी एक मेसेज फिरतोच की आता चार्ज लागणार म्हणून. २०२३ च्या एप्रिलमध्ये १.१ टक्क्यांचा मेसेज फिरला होता, ते खरं म्हणजे वॉलेटमधून २ हजारांच्या वर केलेल्या पेमेंटपुरतं होतं आणि गिऱ्हाइकाला त्याचा काही संबंध नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये परत फिरला, तेव्हा अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला की असं काही नाही. पण एक गोष्ट खरी आहे आणि ती बऱ्याच दुकानदारांना माहीत नाही. २०२२ पासून रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. समोरच्याने आपलाच क्यूआर स्कॅन केला, स्पीकर बोलला, आपण म्हटलं फुकट, आणि सेटलमेंटमध्ये बघतो तर कापून आलंय. छोट्या दुकानाला २ हजारांपर्यंत शून्य आहे, त्याच्या वर क्रेडिट कार्डासारखाच चार्ज लागतो. आणि गंमत म्हणजे आमच्या मशीनचं ते बटण इथं चालतच नाही, काउंटरवरच्या कागदी क्यूआरवर कसलं बटण. तो चार्ज मी मुकाट्याने सोसतो.

आता हिशोब. हा नीट वाचा, यात बरेच जण गंडतात.

आमचा क्रेडिट कार्डाचा रेट २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २.३६ टक्के. १० हजारांच्या बिलावर २३६ रुपये जातात, हातात ९,७६४. मग बाजारातले काही भाऊ काय करतात, कार्ड आहे का, दोन टक्के वर द्या. १०,२०० घासतात. पण चार्ज तर १०,२०० वर कापला जातो, २४० रुपये ७२ पैसे, हातात येतात ९,९५९. म्हणजे गिऱ्हाइकाला नाराज पण केलं आणि चाळीस रुपये गेले ते गेलेच. कोणी हुशार २.३६ टक्के लावतो, १०,२३६ घासतो, तरी साडेपाच रुपये कमीच येतात, कारण वाढवलेल्या रकमेवर पण चार्ज आहे. पूर्ण १० हजार हातात पडायला १०,२४१ रुपये ७० पैसे घासावे लागतात. हे गणित मशीन स्वतः बरोबर करतं, पैशाचा फरक येत नाही, हे मी स्टेटमेंट लावून तपासलंय. याचे पूर्ण मार्क.

मार्क कमी होतात ते काउंटरवर. मशीनची पद्धत अशी की आधी मी रक्कम टाकायची १०,०००, मग कार्ड लावायचं, मग मशीन ओळखणार की कार्ड साधं आहे, बिझनेस कार्ड आहे की बाहेरच्या देशातलं आहे, कारण प्रत्येकाचा रेट वेगळा (कंपनीच्या नावावरची बिझनेस कार्डं आमच्या रेट कार्डात सगळ्यात वरच्या खणात आहेत आणि कॉन्ट्रॅक्टरकडे नेमकी तीच असतात), आणि मग स्क्रीनवर बारीक अक्षरात चार्ज दाखवून लगेच पिन मागणार. तोवर स्क्रीन माझ्याकडे असते, मी मशीन फिरवून समोर धरतो तेव्हा पिनचे चौकोनच दिसतात. गिऱ्हाईक पिन टाकून मोकळं होतं आणि मोबाइलवर मेसेज येतो. "शेठ, बिल दहा हजाराचं आणि मेसेज दहा हजार दोनशे एक्केचाळीसचा, हे वरचं काय?" आता तुम्ही कितीही समजावा, त्या माणसाच्या डोक्यात एकच बसतं की गुपचूप लावले. तासभर घासाघीस करून ज्याने दीड टक्का जादा सोडवून घेतलाय त्याच्या हातात तुम्ही शेवटच्या मिनिटाला हा कागद देताय.

ही घरगुती गिऱ्हाइकाची गोष्ट झाली. कॉन्ट्रॅक्टरकडे त्याहून मोठा घोळ, कारण त्याच्याकडे अकाउंटंट बसलेला असतो. दुकानाचं जीएसटी बिल १० हजारांचं, कार्डाच्या स्टेटमेंटवर १०,२४१.७०. टॅलीत दोन्ही जुळत नाहीत, मग तो फोन करणार की २४१ चं बिल पाठवा. कसलं बिल पाठवू? मशीनच्या चिठ्ठीवर 'सुविधा शुल्क' एवढंच छापलेलं.

आमच्या सीएंना विचारलं तर त्यांनी पेन घेऊन मागच्या कोऱ्या बाजूला मांडून दाखवलं, ते मला फार आवडलं म्हणून इथे देतो. विकणारा गिऱ्हाइकाकडून मालाबरोबर जो काही वरखर्च घेतो, कमिशन असो, पॅकिंग असो, तो जीएसटी कायद्याने मालाच्या किमतीतच धरायचा. म्हणजे ते २४१.७० बिलातच यायला पाहिजेत, वेगळी चिठ्ठी नाही. आमचा बहुतेक माल १८ टक्क्यांतला. २४१.७० मधून १८ टक्के टॅक्स बाजूला काढला तर ३६.८७ निघतो आणि मूळ रक्कम २०४.८३. इकडे कंपनीने माझ्याकडून कापलेला चार्ज किती, २०४.८३ आणि त्यावर जीएसटी ३६.८७. बरोब्बर तेच आकडे! मी जो टॅक्स भरायचा तो मला तिकडून क्रेडिट (म्हणजे आधीच दिलेल्या जीएसटीची वजावट) मिळतो, माझं शून्यावर शून्य. आणि समोरचा जीएसटीवाला असेल तर त्याला बिलावर ३६.८७ चं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे त्याला पण खरा खर्च २०४ चाच पडला. पण हे सगळं कधी, बिलात नीट लिहिलं तर. बटण वापरलं तर बिल आधीच फाडून झालेलं असतं, समोरच्याच्या टॅक्सचे छत्तीस रुपये हवेत जातात, आणि कंपनीचं महिन्याचं इनव्हॉइस माझ्या जीएसटी नंबरवर येतं, म्हणजे त्याने भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मी खायचं. छोटी रक्कम आहे, पण वर्षाचं धरा आणि मग त्याच्या अकाउंटंटने ते ओळखलं असं धरा. (कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदारांना, क्रेडिटच नसतं, त्यांचं गणित वेगळं. त्यांनी आपल्या सीएला विचारावं.)

डेबिट कार्डाचं तर मला पटतच नाही. रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलंय की तुमचे दुकानदार डेबिट कार्डाचा चार्ज गिऱ्हाइकावर टाकणार नाहीत याची खात्री करा. आणि चार्जला पण कमाल मर्यादा घातली, १ जानेवारी २०१८ पासून, २० लाखांच्या आतल्या उलाढालीच्या दुकानाला ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये, त्याच्या वरच्या दुकानाला ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. असं असताना आमच्या मशीनमधलं बटण सगळ्या कार्डांना एकत्रच लागतं, क्रेडिट-डेबिट वेगळं करायची सोय नाही. कस्टमर केअरला फोन केला, एक नंबर दाबा, तीन नंबर दाबा, मग एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या की सर तुम्ही डेबिट कार्ड आल्यावर बटण बंद करा आणि नंतर चालू करा. दुपारी बाराला काउंटरवर सहा माणसं उभी असताना सेटिंगमध्ये जायचं, पासवर्ड टाकायचा, बटण बंद करायचं, मशीन रिस्टार्ट. बाईंना एकदा दुकानात बसवायला पाहिजे.

पण याच्यातून माझा फायदा असा झाला की मोठ्या बिलाला डेबिट किती स्वस्त पडतं ते ध्यानात आलं. १ लाख ८० हजारांचं बिल क्रेडिट कार्डावर घेतलं तर २ टक्क्यांनी ३,६०० जातात, टॅक्स वेगळा. तेच डेबिटवर घेतलं तर हजाराच्या वर कापताच येत नाही, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रुपे डेबिट असेल तर काहीच नाही. फक्त समोरच्याच्या डेबिट कार्डाची रोजची लिमिट वाढवलेली पाहिजे, ती त्याला बँकेच्या अ‍ॅपमधून तिथल्या तिथे वाढवता येते. हे मी आता प्रत्येक घर बांधणाऱ्याला एस्टिमेट देतानाच सांगतो, आणि ज्याला ४५ दिवसांची गरज नाही असा नोकरदार माणूस ऐकतो पण.

माल परत आला की बटणाची खरी परीक्षा. आमच्या धंद्यात माल परत येतोच, मिस्त्री अंदाजाने चार एल्बो, दोन टी, एक लांबी पाईप जास्तच नेतो आणि काम संपलं की पोतं आणून टाकतो. कंपनी एकदा कापलेला चार्ज परत देत नाही. मी १० हजार रिफंड टाकले की गिऱ्हाईक विचारतं २४१ कुठायत? त्याचं बरोबर आहे. आणि मी म्हटलं की ते कंपनीने घेतले, तर माझं पण बरोबर आहे. आता एक पद्धत ठेवलीय, कार्डाच्या बिलातला माल परत आला तर पैसे परत नाही, त्याच्या खात्यावर जमा, पुढच्या मालात वळते. कॉन्ट्रॅक्टरला चालतं, तो पुढच्या आठवड्यात येणारच असतो. घरगुती गिऱ्हाइकाला चालत नाही, त्याचं बाथरूम एकदाच होतं.

आणखी एक, किराणा किंवा मेडिकलवाले वाचत असतील तर जपून. तुमचा माल एमआरपीला जातो, त्यावर कार्डाचा चार्ज चढवला की एमआरपीच्या वर विक्री झाली असं कोणी म्हणू शकतं, मग वजनमापेवाल्यांशी गाठ. आम्ही एमआरपीच्या बरेच खाली विकतो म्हणून आम्हाला तो प्रश्न येत नाही. आणि मशीन ज्या बँकेचं आहे तिच्या करारात कार्डवाल्याकडून जादा घ्यायचं नाही असं कलम आहे का तेही वाचून घ्या. बटण दिलंय म्हणजे परवानगी पण दिलीय असं नसतं.

मग मी काय केलं. काउंटरवर बटण कायमचं बंद. त्याऐवजी आमच्याच लाइनमधली जुनी गोष्ट वापरली, सीडी. माल बनवणाऱ्या कंपन्या आम्हा डीलर लोकांना ठरलेल्या दिवसांत पेमेंट केलं की कॅश डिस्काउंट देतात, त्यालाच सगळे सीडी म्हणतात, मिस्त्रीला पण कळतं. एस्टिमेटचा रेट कार्डाचा खर्च धरूनच काढायचा आणि खाली लिहायचं, एनईएफटी, यूपीआय, डेबिट किंवा चेक पास झाल्यावर सीडी २ टक्के. पैसे तेवढेच. पण कार्डवाला भांडत नाही कारण त्याच्या बिलात आणि मेसेजमध्ये एकच आकडा, आणि एनईएफटीवाला मिशीत हसतो. एनईएफटी आता चोवीस तास चालते त्यामुळे रविवारी पण अडत नाही. महावितरण पण हेच करतं की, ऑनलाइन बिल भरलं तर ०.२५ टक्के सवलत, जास्तीत जास्त ५०० रुपये. रेल्वे उलटं करते, तिकिटावर सुविधा शुल्क लावते, यूपीआयने भरलं तर एसीला २० आणि नॉन-एसीला १०, बाकी कशाने भरलं तर ३० आणि १५, वर जीएसटी. पण ते पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर दिसतं, म्हणून लोक चरफडतात पण फसवलं म्हणत नाहीत.

याच कारणाने या कंपनीची एक गोष्ट मला मनापासून आवडली, पेमेंट लिंक. आमच्याकडे पुण्या-मुंबईला नोकरी करणारे आणि गावाकडे घर बांधणारे बरेच असतात, काम इथला भाऊ नाहीतर वडील बघतात आणि पैसे तिकडून येतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवायची. लिंकवर हेच बटण चालू ठेवलंय आणि इथे ते सुंदर चालतं, कारण माणूस आपल्या मोबाइलवर निवांत बघतो, यूपीआय निवडलं तर चार्ज शून्य, क्रेडिट कार्ड निवडलं तर इतका, आणि आकडा पैसे भरायच्या आधी समोर असतो. बरेच जण कार्ड निवडून बघतात, आकडा वाचतात आणि मागे जाऊन यूपीआय करतात. ज्याला कार्डच पाहिजे तो जाणून-बुजून देतो. त्या लिंकवर आजपर्यंत कोणी मला फोन करून वाद घातलेला नाही. लिंकच्या पावतीवर चार्ज वेगळ्या ओळीत येतो, त्यावरून मी जीएसटी बिल पैसे आल्यावर बनवतो, आधी नाही. डेबिटचा घोळ लिंकवर पण आहेच, तिथे मी डेबिटचा पर्यायच काढून टाकलाय. लिंकवर निदान तेवढं करता येतं.

बाकी किरकोळ. सेटलमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर येतं, बँकेला सुट्टी असली की पुढे ढकलतं. स्टेटमेंट एक्सेलमध्ये येतं पण त्यात बिल नंबर टाकायची जागा नाही, रक्कम बघून जुळवत बसावं लागतं. स्पीकर हिंदीत बोलायचा, मराठी करून घेतला. मशीनचं भाडं मी वापर किती यावर कमी करून मागितलं आणि कमी केलं, मागा, मिळतं. रेट पण मागितल्यावर थोडा खाली येतो, पहिल्या कागदावरचा आकडा शेवटचा नसतो.

काउंटरच्या वापराला पाचपैकी दोन, लिंकला साडेचार. ज्यांचं सगळं गिऱ्हाईक ऑनलाइन आहे, क्लासवाले, ट्रॅव्हलवाले, त्यांनी बिनधास्त घ्यावं. माझ्यासारख्या काउंटरवाल्याने घेतलं तरी ते बटण बंदच ठेवावं. मशीन लावणाऱ्या त्या मुलाला सांगितलंय, डेबिट वेगळं करायची सोय आली की कळव, वार्षिक प्लॅनचं तेव्हा बोलू, तोवर भाडं महिन्याच्या महिन्याला.